नारिंगी सुतळी

डॉटला, आमच्या मेंढ्या वळणाऱ्या कुत्रीला, खेळणं हवं, हे मान्य करायला माझ्या नवऱ्याला चार महिने लागले. तोवर तिनं अंगणातली पाण्याची नळी तीन ठिकाणी चावून ठेवली होती, वाळत घातलेल्या माझ्या चांगल्या टॉवेलाच्या चिंध्या केल्या होत्या, आणि शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या पाच पोरांना वळून आणून आमच्या कुंपणाला लावून ठेवलं होतं. पोरांना मजा वाटली. त्यांच्या आयांना नाही.

"तिला काम हवंय," नेव्हिल म्हणाला. "खेळणी लाडावलेल्या कुत्र्यांना देतात."

"मग दे की काम. आण चारशे मेंढ्या आणि कोंड न्हाणीघरात."

त्याला लागलं ते मला दिसलं, पण तोंडातून निघून गेलं होतं. माझी जीभ अशीच आहे. सेहेचाळीस वर्षं त्यानं माझी जीभ सोसली आणि मी त्याचा अबोला, त्यामुळे कुणी कुणावर उपकार केले नाहीत.

नेव्हिलच्या कमरेचा सांधा बदलला तेव्हा डॉक्टरांनी मेंढ्यांचं काम कायमचं बंद करायला सांगितलं. मुलगी पर्थला, तिला शेत नको होतं. मागच्या हिवाळ्यात आम्ही विकलं आणि येराबिनमध्ये, म्हणजे गावात, विटांचं छोटं घर घेतलं. चार कुत्री होती. कामाची कुत्री शेताबरोबरच जातात, आमच्याकडे तशीच रीत आहे, आणि त्यात कुणी रडत बसत नाही. तीन गेली. डॉटचं नाव कागदावर आलं तेव्हा मात्र सही करता करता नेव्हिलनं पेन खाली ठेवलं. "ही नाही," म्हणाला. विकत घेणाऱ्यानं एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या ओळीवर काट मारली.

सात वर्षांची, केल्पी जातीची, काळी, पायांना तांबूस, दोन्ही भुवयांवर एकेक ठिपका. शेतावर ती झाडाखाली आडव्या पिंपात झोपायची, दिवसातून एकदा जेवायची, आणि काम चोख झालं की नेव्हिलचा एक शब्द तिला मिळायचा. खेळणं हा प्रकार आमच्या कुठल्याच कुत्र्यानं कधी पाहिला नव्हता. आता ती मागच्या पायरीवर नेव्हिलच्या बुटांना टेकून बसायची आणि दर दहा मिनिटांनी मान वर करून त्याच्याकडे बघायची, निघायचं का म्हणून. तो नजर चुकवायचा. मला ते बघवायचं नाही.

म्हणून एका शुक्रवारी मी एकटीच दुकानात गेले. दुकान तसं चाऱ्याचं, कोंबड्यांचं खाद्य, घोड्यांचं खोगीर, जंताचं औषध. आता एक अख्खी भिंत कुत्र्यांच्या खेळण्यांची. ते सांभाळणारी ताहलिया पंचविशीतली, नाकात चमकी, दंडावर गोंदलेलं मांजर. मी मनात म्हटलं, ही मला काय शिकवणार.

मी तिला नळीचं सांगितलं. "चावून तुकडे करते, की नुसतं तोंडात धरून फिरते?" तिनं विचारलं.

"मेंढीला तिनं जन्मात दात लावला नाही."

"मेंढीचं नाही, वाल्डा. नळीचं सांगा."

मला हसू आलं. पोरगी हुशार होती. तिनं एकेक वस्तू माझ्या हातात दिली. चेंडू जबड्याहून मोठाच घ्यायचा, तोंडात पुरता मावला तर घशात जाऊन बसतो. चावायच्या वस्तूत अंगठ्याचं नख रुतवून बघायचं, रुतलं नाही तर कुत्र्याचा दात तुटेल. दाबल्यावर चिवचिवणारं घ्यायचं नाही, आतली शिट्टी काढून गिळतात. बटणाचे डोळे असतील तर आधी कापून टाकायचे. सगळी खेळणी एकदम द्यायची नाहीत, दोन द्यायची, दोन लपवायची, म्हणजे आठवड्यानं तीच पुन्हा नवी वाटतात.

"आणि दोरी, सुतळी, मोजे, असलं काही नाही," ती म्हणाली. "कितीही मागितलं लोकांनी तरी मी दोरीची खेळणी ठेवतच नाही. एक लांब धागा पोटात गेला की आतडी त्याच्यावर गोळा होतात, नाडी ओवलेल्या लेंग्यासारखी."

मी आत खाऊ भरायचं पोकळ रबरी खेळणं घेतलं, दोन मोठे चेंडू, एक चावायची कडी. घरी येऊन अंगणात ठेवली. डॉटनं सगळ्यांचा वास घेतला, मग नाकानं आणि पंज्यानं ढकलत एकेक करून पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात नेली आणि समोर पोट टेकून पहाऱ्याला बसली. एक चेंडू जरासा घरंगळला, तर उठून त्याला परत कळपात घातलं.

"बघ," नेव्हिल म्हणाला, "तुझ्या खेळण्यांनाच तिनं कामाला लावलं."

आम्ही दोघं पायरीवर बसून तासभर ते बघत होतो. पण चेंडू पळत नाहीत हे तिला दोन दिवसांत कळलं. रबरी खेळण्यातलं शेंगदाण्याचं लोणी तिनं चाटून संपवलं, आणि पुन्हा फाटकाशी जाऊन मेंढ्यांचे ट्रक जातात त्या रस्त्याकडे बघत बसली.

मग नेव्हिलनं सुतळी काढली.

गवताचे गठ्ठे बांधायची ही प्लास्टिकची नारिंगी सुतळी आमच्या मुलखात प्रत्येक शेतावर असते. गठ्ठा सोडला की ती खिळ्याला अडकवायची, टाकायची कधी नाही. फाटक मोडलं, सुतळी. गाडीचा पाइप लोंबला, सुतळी. नेव्हिल एका लग्नाला पँटला सुतळी बांधून गेला होता, माझ्याच बहिणीच्या. शेत विकलं तरी सुतळीचं एक पोतं त्यानं गावात आणलंच. त्यातून सहा पदरी, मनगटाएवढा जाड वेणीचा दोर त्यानं वळला. मी वास घेऊन पाहिला. लोकरीचा, मेंढीच्या अंगच्या तेलाचा, आमच्या जुन्या गोठ्याचा.

डॉट वेडी झाली. एक टोक तिच्या दातात, दुसरं नेव्हिलच्या हातात, आणि ती त्याला हिरवळीवरून ओढत चालली होती. नवा सांधा बसवलेला माणूस! मी ओरडायला म्हणून दार उघडलं, आणि नेव्हिल हसत होता. मोठ्यानं, तोंड उघडून. शेत विकल्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

तरी म्हटलं, "सुतळी नको म्हणाली होती ती पोरगी. मी तुला सांगितलं होतं."

"ती पोरगी कधी मेंढ्यांत राहिलीय का?"

"नेव्ह."

"बरं बाई. माझ्या हातात असेल तेव्हाच देईन. झालं की वर हुकाला."

आणि त्यानं शब्द पाळला. रोज संध्याकाळी पाच वाजता अर्धा तास, मग दोर हुकाला. दोन महिने असं चाललं. डॉटची अंगकांती पालटली, तीही रस्त्याकडे बघायची थांबली आणि तोही. एका रविवारी पर्थहून लेकीचा फोन आला. नेव्हिल आत जाऊन बोलत बसला, आणि दोर अंगणात राहिला. परत येऊन बघतो तर एक टोक कुरतडलेलं, आणि एक पदर उसवून तुटलेला.

"वाल्डा, हा पदर हातभर तरी कमी वाटतोय गं," तो घाबरून म्हणाला.

"जाईल निघून," मी म्हणाले. "मेंढ्या काय काय खातात."

आता मी जे सांगणार आहे, ते नीट कळावं म्हणून माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. माझे हात लहान आहेत, बाहुलीचे वाटावेत इतके. मेंढ्या व्यायच्या दिवसांत याची आमच्या भागात फार किंमत. अडलेल्या मेंढीच्या पोटात पुरुषाचा पंजा जात नाही, माझा जायचा. आजूबाजूच्या शेतांवरून फोन यायचे, वाल्डा येशील का. मी जायची, साबण लावायची, आत हात घालून पिल्लाचे पाय शोधायची आणि मेंढीच्या कळेबरोबर ओढायची. किती ओढली असतील याला गणती नाही. लोक म्हणायचे वाल्डाच्या हाताला यश आहे, आणि मला ते आवडायचं. जनावरांचा डॉक्टर आमच्यापासून दीड तासावर. मेंढीसाठी त्याला कुणी बोलावत नसे. जे अडलं ते आपल्या हातानं सोडवायचं, अशीच आम्ही सगळी वाढलो.

मंगळवारी नेव्हिल म्हाताऱ्या मंडळींच्या सुतारकामाला गेला होता. डॉटनं सकाळचं खाल्लं नव्हतं, पाठ वाकवून उभी होती. मी शेपटी उचलून पाहिलं. बोटभर नारिंगी सुतळी बाहेर लोंबत होती.

मला हायसं वाटलं. खरंच सांगते, हायसं वाटलं. म्हटलं, निघालीच की. कोमट पाणी घेतलं, साबण घेतला, तिला गुडघ्यांत धरलं आणि हळूहळू ओढायला लागले. थोडी आली. मग अडली. मी थांबले, तिला चुचकारलं, आणि तिनं कळ दिली तशी पुन्हा ओढली, पिल्लू ओढतात तशी, जोर सोडून न देता. डॉट कण्हली. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मान वळवून तिनं माझं मनगट चाटलं. आणि हातभर सुतळी तुटून बाहेर आली. मला वाटलं, संपली.

मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली. स्वतःवर खूश होते. नेव्हिल घरी आला तेव्हा म्हटलं, "पोट जरा बिघडलं होतं तिचं. आता ठीक आहे." त्याच्या दोरामुळे झालं हे त्याला कळून तो खंतावू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

बुधवारी सकाळी डॉटला उठता येईना. पोट फळीसारखं झालेलं, हिरड्या पांढऱ्या. तिला पिकअपच्या मागच्या फळीवर न ठेवता आम्ही पुढे घेतलं, आमच्या दोघांच्या मध्ये. आयुष्यात पहिल्यांदा ती गाडीत आत बसली, आणि तिला आपण बसू नये असं वाटत होतं, सारखी खाली उतरायला बघत होती. नेव्हिलनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. गाडी मी चालवली.

दवाखान्यात तो आत येईना. या माणसानं आपल्या म्हाताऱ्या कुत्र्यांना स्वतःच्या बंदुकीनं शांत केलेलं आहे, दुसऱ्याला तो हात लावू द्यायचा नाही. पण त्या पांढऱ्या दाराशी त्याचे पाय अडले. "तू जा," म्हणाला. "मी इथेच आहे."

डॉक्टरीण तरुण होती, ब्रिओनी नाव. पोट उघडल्यावर तिनं मला आत बोलावलं. ती हळू बोलत होती, आणि मला तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"सुतळीचं एक टोक वर, पोटाशी अडकलेलं आहे. आतडी सगळी त्याच्यावर चुण्या पडून गोळा झाली. एवढंच असतं तर मी तीन-चार ठिकाणी कापून काढली असती, वाचायची बरीच आशा होती. पण ताणलेल्या सुतळीनं आतडी करवतीनं कापावीत तशी चिरली गेली आहेत. खूप ठिकाणी. सगळी घाण पोटात पसरली." ती थांबली. "कुणी ओढली का ती?"

"मी."

तिनं मान खाली घातली. "पुष्कळ लोक ओढतात," म्हणाली. "कुणी सांगितलेलंच नसतं."

तिला शुद्धीवर आणू नये असं ती म्हणाली. मी हो म्हटलं. डॉटच्या भुवयांवरच्या ठिपक्यांवर मी हात ठेवला होता, ते गरम होते, आणि थोड्या वेळानंही गरमच होते, तरी डॉक्टरीण म्हणाली, झालं.

बाहेर नेव्हिल पिकअपला टेकून उभा होता. माझा चेहरा बघून त्याला विचारावं लागलं नाही.

"सुतळीच ना?" तो म्हणाला.

"हो."

"तू सांगितलं होतंस मला." त्याचा आवाज फुटला. "तू सांगितलं होतंस, वाल्डा, आणि मी तुझं ऐकलं नाही."

तिथं बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त. आणि मी, जिची जीभ गावात कुणाला आवरत नाही, ती मी गाडीची किल्ली हातात धरून गप्प उभी राहिले. मग म्हणाले, "बस आत. घरी जाऊ."

त्यानं सुतळीचं पोतं परसात जाळलं. काळा धूर, घाणेरडा वास, शेजारणीनं खिडक्या लावून घेतल्या. खेळणी टाकीमागच्या कोपऱ्यातच होती, ती त्यानं हलवली नाहीत. जेवण कमी झालं. पँट कमरेवरून घसरायला लागली, तर पट्ट्याला नवं भोक पाडलं त्यानं, आणि ते पाडताना माझ्याकडे पाहिलं नाही. रात्री-अपरात्री उठला तर मला कळायचं, पण मी झोपेचं सोंग घेऊन पडायची. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. चहा व्हायचा, तो पेला धुवायचा, आणि राहून जायचं. मला वाटायचं, दुःख थोडं ओसरू दे. खरं म्हणजे मी भित्री होते.

महिन्याभरानं ताहलियाचा फोन आला.

"वाल्डा, राग मानू नका. नेव्हिल दर शुक्रवारी इथं येतात. खेळण्यांपाशी उभे राहतात."

"काय करतो तिथे?"

"लोकांना सांगतात. तुम्ही या ना जरा."

मी गेले. तो पाठमोरा होता, इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात. समोर एक तरुण बाई, तिच्या कडेवर बाळ आणि पायाशी दोरीला बांधलेलं पिल्लू. नेव्हिल तिला मोठा चेंडू दाखवत होता.

"जबड्याहून मोठा घ्या," तो सांगत होता. "नख रुतवून बघा, असं. आणि घरात सुतळी असेल तर आज जाऊन जाळा. माझी कुत्री माझ्या हातानं गेली. बायकोनं बजावलं होतं मला. शहाणी आहे ती, जनावरातलं तिला सगळं कळतं. मी मूर्ख, मी ऐकलं नाही."

ती बाई कळवळली. "असं नका म्हणू, आजोबा."

"नाही, नाही. म्हणायलाच पाहिजे. चूक माझी होती, ती मी सांगितली पाहिजे."

जन्मभर चार माणसांत तोंड न उघडलेला माझा नवरा परक्या बाईपुढे उभा राहून माझं पाप आपल्या नावावर सांगत होता, आणि वर माझं कौतुक करत होता. चाऱ्याच्या पोत्यावर बसले मी. ताहलियानं पाणी आणलं.

तो घरी आल्यावर चहा ठेवला. त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. शेपटीखालची सुतळी, साबण, कळेबरोबर ओढली ते, कचऱ्यातलं वर्तमानपत्र, डॉक्टरीण काय म्हणाली ते. नुसती सुतळी असती तर वाचली असती, हेही सांगितलं. काही वगळलं नाही. बोलताना मला रडू आलं नाही, त्याची मला अजून लाज वाटते.

"ती कण्हली का?" त्यानं विचारलं.

"हो."

"आणि तू थांबली नाहीस."

"नाही."

बाहेर कुणाच्या तरी अंगणात गवत कापायचं यंत्र चालू होतं. तो उठून खिडकी लावून आला.

"मला का सांगितलंस, वाल्डा?" त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "माझ्यावर चिडून मला जगता येत होतं. सवय झाली होती. आता तुझ्यावर चिडून मी या घरात कसा राहू?"

तो उठला, दोन्ही पेले विसळले, पालथे घातले, आणि परसात जाऊन टाकीमागची खेळणी एका पिशवीत भरली. शुक्रवारी दुकानात देऊन आला. त्यानंतर तो तिकडे गेलेला नाही. सांगायला त्याच्याकडे काही उरलं नाही, आणि माझं नाव घेऊन लोकांत सांगणारा तो माणूस नव्हे.

याला आता आठ आठवडे झाले. तो मला टाकून बोलत नाही. आदळआपट नाही. जेवायला समोर बसतो, लेकीच्या फोनवर हसून बोलतो, माझ्या गाडीत हवा भरून आणतो. शेजारीण म्हणते, किती सांभाळतो गं तुला. काल रात्री जेवताना त्याला मीठ हवं होतं. मिठाचं भांडं माझ्या बाजूला होतं. सेहेचाळीस वर्षं तो माझ्या ताटावरून हात लांब करून ते उचलत आला, आणि मी त्याच्या हातावर चमचा मारत आले. काल त्यानं हात मांडीवरच ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मीठ देशील का, प्लीज?"

मी दिलं. "थँक यू," म्हणाला, आणि जेवायला लागला.